बोट ठेवण्याआधी

रामकृष्णहरी मंडळी! मागचे जरा पुढं सरका. खांबाआड बसून ऐकलंत तर पुण्य खांबाला लागेल, तुम्ही कोरडेच घरी जाल!

आज सवाल एकच. माणसानं एखादं काम मनापासून करावं आणि ते सारखं बिघडतच जावं — तर दोष कुणाचा? हाताचा? नशिबाचा? का देवानंच तोंड फिरवलं? हां, लगेच माना डोलवू नका! मंडळी, ऐका.

कृष्णाकाठच्या एका गावात रामजी तात्या शेटे नावाचे भजनी होते. काय गळा! मारुतीच्या देवळात शनिवारी तात्यांनी तंबोरा लावला की बाहेर चपला काढणारा माणूस एका पायातली चप्पल तशीच घेऊन आत यायचा. अशा माणसाच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. जीव वाचला — पण आवाज गेला. उरली नुसती कुजबूज.

बरे झाल्यावर तात्या एका शनिवारी देवळात गेले. जागा त्यांचीच होती, कुणी घेतली नव्हती. सगळे गात होते आणि यांचे नुसतेच ओठ हलत होते. तात्या मधेच उठले, घरी आले, आणि बायकोला, आपल्या इंदूकाकीला, म्हणाले, “मुक्यानं तिथं बसून मी काय करू?” त्यानंतर देवळाची वाटच सोडली त्यांनी. ज्याचं सगळं आयुष्य देवळातल्या भजनाच्या सतरंजीवर गेलं, तो ओसरीत बसून लांबून टाळ ऐकायचा हो!

आता त्यांच्या लेकीची, वैजूची, एक गिटार खुंटीला होती. वैजू साताऱ्यात बालवाडीत शिकवायची, पोरांना गाणी म्हणून दाखवायला नवी गिटार घेतली, जुनी घरी ठेवली. तात्यांच्या मनात आलं — गळा गेला, हात तर आहेत! हात वाजते झाले तर सतरंजीवर परत बसता येईल. काकीनं लेकीला फोन लावला. म्हणाली, “तुझे तात्या गिटार शिकणार म्हणतात. डॉक्टरला विचारू का?” तुम्ही हसताय! पण वैजूला बिचारीला भरून आलं. म्हणाली, गिटारीच्या पिशवीत पुस्तक आहे, चित्रात दाखवलंय तशी बोटं ठेवा.

पुस्तक उघडलं. पहिल्या पानांवर काय, तर तार कशी लावायची. तात्यांना रागच आला! जन्मभर तंबोरा लावला, आणि हा मला तार लावायला शिकवतो? ती पानं सोडून दिली. आपल्या पेटीवाल्यांनाही कुणी सूर सांगितला की असंच होतं. बघा, बघा, मान खाली घातली!

तात्यांनी गिटार छेडली. सहा तारा, सहा तऱ्हा! म्हणाले, दुकानदारानं बेसूरच गळ्यात मारली वाटतं. बसले खुंट्या पिळत. एक तार तुटून गालाला लागली, ती बदलून आणली. शेवटी लागली एकदाची! षड्ज, पंचम, षड्ज — अशी गोड, की काकी चूल सोडून बाहेर आली.

मग चित्र बघून बोटं ठेवली, आणि छेडली — अरे देवा! पत्र्यावर भांडी पडावीत तसा आवाज. बोट उचललं की गोड, ठेवलं की कडू. दुसरं चित्र, तिसरं चित्र, तीच गत. बोटांची टोकं सुजली, फोड आले, फुटले, कातडं घट्ट झालं. पण सूर काही येईना. लेकीला फोनवर ऐकवायची लाज. ती विचारायची, तर “चाललंय” एवढंच सांगायचे.

आणि एक दिवस त्यांनी गिटार पिशवीत घातली. काकीला म्हणाले, “वैजूला देऊन टाक. माझं बोट लागलं की सूर नासतो. देवाला आता माझा हातसुद्धा नको.” ज्यानं जन्मभर देवाला सूर वाहिला, त्याच्या तोंडी हे शब्द! काकीला जेवण गेलं नाही त्या दिवशी.

वैजू रविवारी आली. तिनं पिशवी उघडली, मोकळ्या तारा छेडल्या आणि थबकलीच. मग नेहमीच्या सवयीनं बोटं ठेवली, आणि काय! तिच्याही हातून तसंच, पत्र्यावर भांडी! तात्या बघतच राहिले. वैजू पोट धरून हसायला लागली, हसता हसता रडायला लागली.

“तात्या, तुमची बोटं अगदी बरोबर आहेत. ही तुम्ही तंबोऱ्यासारखी लावलीय. पुस्तकातली बोटं या सुरांसाठी नाहीतच.”

तिनं तारा गिटारीच्या पद्धतीनं लावून दिल्या. तात्यांना त्या अजूनही वाकड्याच वाटत होत्या, पण खुंट्यांना हात लावला नाही. पहिल्या चित्रातली बोटं ठेवली, भीत भीत छेडली... मंडळी, सूर आला! स्वच्छ, भरलेला सूर. तात्यांनी परत वाजवला. परत वाजवला. मग गिटार मांडीवर आडवी ठेवून नुसता आपला हात बघत बसले. छातीवरचा धोंडा उतरला हो! देवानं हात नाकारला नव्हता. हात तर कधीचा तयार झाला होता.

पुढं दोन-चार चाली बसल्यावर एका शनिवारी तात्या आपल्या जागेवर येऊन बसले. टाळवाल्यानं फक्त सरकून गिटारीपुरती जागा केली.

आता तात्यांना सोडा, तुमच्याकडे येतो. मघाशी सगळे हसलात ना? घरात एक पोरगं आहे, त्याला रोज ऐकवता, तुला काही जमत नाही. नवी सून आहे, तिच्या प्रत्येक कामात खोड काढता. ती तार लावली कुणी? तुम्ही! आपल्या सवयीनं, आपल्या सुरात, पीळ पीळ पिळून! आणि वर बोट ठेवता त्यांच्या बोटांवर? आज घरी गेल्यावर बोट ठेवण्याआधी तार बघा. आणि ज्याला इतके दिवस नालायक म्हणालात त्याला जवळ बसवून एवढंच सांगा — बाळा, तुझा हात बरोबर होता. बघा त्याच्या छातीवरून काय उतरतं ते.

चला पेटीवाले, द्या सूर. लावलाय ना नीट? मग सगळे मिळून — रामकृष्णहरी!