उलट्या खुर्च्या

दातांच्या दवाखान्यात टायपिस्टकाका सुजलेला गाल धरून बसले होते. बोलायची सोय नव्हती, कान मात्र रिकामे होते. शेजारी अनोळखी अशी एक मावशी आणि तिची भाची बोलत होत्या.

"आमचं बर्गरचं दुकान आता चोवीस तास उघडं असतं म्हणे?"

"हो मावशी. माणसं दुप्पट घेतली, म्हणून तर मी लागले."

"आणि मालकाचा गल्ला?"

"फुगलाय. उगाच का एवढा गोड बोलतो!"

"बरं झालं बाई. आमच्या वेळी दहाला शटर पडायचं. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवायच्या, अन् उरलेसुरले तळलेले बटाटे घेऊन सगळे काउंटरवर पाय हलवत बसायचो."

"घरी नाही जायचात?"

"घाई कुणाला होती! तुझे काका फरशी पुसायला होते. पुसलेलीच फरशी पुन्हा पुसत माझ्या पायांशी घुटमळायचे."

"काका? आपले काका?"

"तेच ते. तुझ्याबरोबर कोण असतं गं?"

"माझ्यानंतर एकजण येते. मी निघते, ती एप्रन बांधत आत शिरते. नाव विचारायचं राहूनच जातं."

"मग खुर्च्या कोण उलट्या ठेवतं?"

"कुणीच नाही, मावशी. त्यांवर कायम कुणीतरी बसलेलं असतं."