ड्रमवरची थाप

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणूनच हे ऐका.

पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये माझी इंटर्नशिप चालू होती. शिकवायला पाटील सर होते, मूळचे धुळ्याकडचे. तिथं कापड धुण्याचे दोन ड्रम होते. माणूस आत उभा राहील एवढे मोठे, आणि दोन्ही एकाच बटणावर फिरायचे.

सर म्हणाले, "बटण दाबायच्या आधी ड्रमवर थाप मारायची. आतून थाप आली, तर थांबायचं."

मी वैतागले. "सर, कुलूप बसवा, पाटी लावा. माणसाचा जीव असा थापेवर सोडायचा?"

"मालकाच्या मागे लागलोय, बेटा. तोवर थाप."

एका दुपारी मी पहिल्या ड्रमवर थाप मारली आणि आतून थाप आली. सावकाश, अगदी माझ्यासारखीच. मी झाकण उघडलं. ड्रम रिकामा होता, कोरडा. तरी हात बटणाकडे जाईना, म्हणून दुसऱ्या ड्रममध्ये वाकून पाहिलं. आत सफाईवाले भटूभाऊ गुडघ्यांवर बसून तळ घासत होते, कानात इयरफोन.

"नशीब, भाऊ, तुम्ही थाप दिलीत."

"मी कुठं दिली, ताई? मला काही ऐकूच आलं नाही."

ते बाहेर आले. माझ्या मागे येऊन उभ्या राहिलेल्या सरांनी पहिल्या ड्रमवर हात ठेवला. "कर आता चालू."

"सर, पण यात कोण आहे?"

"तो यातच असतो. दुसरं कुणी आत असलं, तरच वाजवतो."