सीटच्या बोल्टवरची पिवळी रेघ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वर्कशॉपचे मालक माननीय दिग्विजयशेठ, प्रमुख पाहुणे म्हणून मोशीहून आवर्जून आलेले ज्योतीरामभाऊ, आजचे सत्कारमूर्ती आणि आज निवृत्त होणारे आपले सुपरवायझर सोपानमामा, त्यांच्या शेजारी बसलेल्या कस्तुरामामी, आणि दोन्ही शिफ्टच्या माझ्या मित्रांनो,

मला भाषणाची सवय नाही. आयटीआय पहिल्याच वर्षी सुटलं, त्यामुळे लिहून आणलंय आणि पुन्हा पुन्हा तपासलंय. माझ्याआधी सगळे मामांच्या शिस्तीबद्दल आणि मायेबद्दल बोलले. ते खरंच आहे. पण मी तपासणीवरचा माणूस. फार चांगला दिसणारा माल मी आधी बाजूला काढतो. गेलं वर्षभर मामांनाही मी असंच बाजूला काढून ठेवलंय. शेठ, काळजी करू नका, व्यासपीठाचा मान राखूनच बोलतो.

मला डोंगरात सायकल चालवायचा नाद आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझी सायकल जुनी. वाकडच्या एका साहेबांच्या बाल्कनीत ती टॉवेल वाळवायच्या कामावर होती, तिथून मी ती आणली. गेल्या वर्षी चाकणच्या पुढच्या डोंगरात शर्यत होती, त्यात हौशी गटात मी नाव दिलं. दगडधोंड्यांच्या पायवाटेवर चार फेरे, आणि ठरल्या वेळेत संपवले नाहीत तर निकालात नाव नाही. गावाकडे सगळ्यांना सांगून बसलो होतो, त्यामुळे निकालात नाव येणं मला भाग होतं.

मामांना हे पसंत नव्हतं. म्हणाले, "सोमवारी आडिट हाय. हात मोडून आलास तर माल काय मी डोळं मिटून पाठवू?"

शनिवारी शिफ्ट संपल्यावर मी वर्कशॉपमध्येच सायकलचे सगळे बोल्ट आवळले. पाहुण्यांसाठी सांगतो, आमच्याकडे बोल्ट आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारतात. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, बोल्ट हलला. आणि दुसऱ्या कुणी तो हलवला तर त्यानं आपल्या रंगाची रेघ मारायची. हा नियम मामांनीच घालून दिलाय. मामांची रेघ लाल, माझी पिवळी. मी सायकलवरही पिवळ्या रेघा मारल्या. आपल्या शिफ्टचे फारूकभाई तेव्हा म्हणाले होते, "सिद्धेश, तू लग्नात बायकोलाही रेघ मारशील." हसा, हसा. सायकल टूलरूममध्ये ठेवली. टूलरूमची किल्ली एकट्या मामांकडे.

रविवारी सकाळी मामांच्या घरून किल्ली आणून सायकल घेतली तर सीटच्या बोल्टवरची रेघ तुटलेली. लाल रेघ कुठेच नाही.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय समजला असता? मी समजलो की मामांनी बोल्ट ढिला केला. मी पडावं म्हणून नव्हे, एवढं वाईट मनात आलं नाही. पण पहिल्याच फेऱ्यात सीट डुगडुगली की मी घाबरून परत येईन, हात शाबूत राहील, आडिट पार पडेल. मी सरळ पाना लावला आणि बोल्ट आणखी फिरवला. जड गेला. वाटलं, धूळ असेल. नवी रेघ मारली आणि निघालो.

आणि शर्यतीत कोण दिसावं? सगळ्यात वाईट उतारावर, डोक्यावर पंचा टाकून उन्हात उभे असलेले मामा. टाळी नाही, हाक नाही. पहिल्या फेऱ्याला माझ्या तोंडाकडे नाही, सीटकडे बघत होते. दुसऱ्यालाही तेच, तिसऱ्यालाही तेच. माझा संशय पक्का झाला. हा माणूस आपलं काम झालं का ते बघायला आलाय.

शेवटच्या फेऱ्याला, त्यांच्या समोरच, खट्कन आवाज आला आणि सीट निघून मागे पडली. मी कसाबसा थांबलो. मामा धावत आले, सीट उचलून काखेत मारली आणि म्हणाले, "आता खाली बसू नगंस. उभ्यानं मार."

उरलेली वाट मी उभ्यानं पार केली. मागून तिसरा आलो, पण निकालात नाव आलं. सोमवारी आडिटला दिवसभर उभाच होतो. मांड्या अशा धरल्या होत्या की बसलो असतो तर उठलो नसतो. आडिटच्या साहेबांना वाटलं, मुलगा फार शिस्तीचा आहे.

नंतर मी तो बोल्ट निरखून पाहिला. ढिला बोल्ट गळून पडतो. हा मानेतून ताणून तुटला होता, म्हणजे गरजेपेक्षा जास्त आवळलेला. शेवटचा पाना माझा होता. पण माझ्याआधी तो कुठल्या बाजूला फिरला होता? तुटलेली रेघ तेवढं सांगत नाही. बोल्ट हलला, इतकंच ती सांगते.

मामा, वर्षभर तुमच्याबरोबर चहा घेतला, पण हे विचारलं नाही. उद्यापासून टूलरूमची किल्ली शेठ माझ्याकडे देणार आहेत. ज्याच्या हातून ती घ्यायची, त्याच्याबद्दल मनात हे ठेवून मला ती घेता येणार नाही. म्हणून सगळ्यांसमोर विचारतो. बोलू नका, नुसता हात फिरवून दाखवा. डावीकडे की उजवीकडे?

फारूकभाई, बघितलंत? उजवीकडे. आवळला होता.

मग लाल रेघ का मारली नाहीत? थांबा, माईक मामांकडे द्या.

मागच्यांना ऐकू आलं नसेल, मी सांगतो. मामा म्हणतात, "रेघ मारली असती तर तुला कळलं असतं, म्हातारा भ्यालाय."

यापुढे मी लिहून आणलेलं एक पान आहे. ते आता वाचत नाही, त्यातला बराचसा मजकूर चुकीचा ठरलाय.

शेठनी हॉल दिला, ज्योतीरामभाऊंनी वेळ काढला, मामींनी एवढा वेळ हसू आवरलं, सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही वाकडंतिकडं गेलं असेल तर पोटात घाला. आणि मामा, पुढच्या महिन्यात पुन्हा शर्यत आहे. आदल्या दिवशी वर्कशॉपमध्ये या. सीटचा बोल्ट तुम्ही आवळा, मी त्याला हात लावणार नाही.