पुठ्ठ्याखालची ओळ

बसा, बसा ताई, ही फ्रेम मी मांडीवर घेतो — जड नाही, काच आहे म्हणून जपायचं, इतकंच. नाकाचं करायचंय? छान तर आहे नाक. बरं, राहिलं, तुमचं तुम्हाला ठाऊक. आणि डॉक्टर कसे निवडलेत? भिंत बघून — मला वाटलंच. सगळे त्या भिंतीकडंच बघतात. डॉक्टरांच्या सर्टिफिकेटांच्या अकरा फ्रेमा, अकराही माझ्या हातच्या. मागच्या गल्लीत दुकान आहे माझं, चाळीस वर्षं हेच करतोय. इंग्रजी काही वाचता येत नाही मला. कागद सरळ बसला, काचेत धूळ राहिली नाही, की माझं काम संपलं.

आता ही बघा. कागदाभोवती हा पांढरा पुठ्ठा दिसतो ना — तो चारी बाजूंनी सारखा कापायचा असतो. डॉक्टर म्हणाले, खालून चार बोटं रुंद ठेवा. मी म्हटलं, साहेब, शेवटची ओळ झाकली जाईल. म्हणाले, झाकू द्या काका, शोभा येते. गिऱ्हाइकाची हौस — ठेवला. एकदा नाही, अकरा वेळा ठेवला. आणि घरी जाऊन मुलीला काय सांगितलं मी? एवढ्या पदव्यांचा माणूस दुसरा नाही, म्हटलं. तिच्या हनुवटीवर लहानपणीचा भाजल्याचा डाग होता — मला तर तो दिसायचाही नाही — पण तिला सलायचा. इथंच बसली होती, तुम्ही बसलात तिथं. नवी चप्पल घालून आली होती.

डाग गेला. खोटं कशाला बोलू? पण ओठाची डावी बाजू आता उचलत नाही, पाणी पिताना रुमाल धरावा लागतो. पूर्वी गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं तिचं हसणं. आता दुकानात दाराकडं पाठ करून बसते, पुठ्ठे कापते. मी विचारायला आलो, तर डॉक्टर म्हणाले, वर्षभरात सुधारेल काका. तिसरं वर्ष चालू आहे.

काच पुसायची म्हणून ही उतरवून नेली होती. पुठ्ठा नवा घातलाय — चारी बाजूंनी सारखा. तुम्हाला वाचता येतं ना, वाचा ती खालची ओळ. हळू, हळू. ‘तीन दिवस’ — हं. ‘प्रेक्षक म्हणून हजर’. मुलगीही हेच म्हणाली. अजून दहा आहेत भिंतीवर. एकेक करून नेईन.

दुसरीकडं जाल तिथंही भिंत बघू नका. प्लास्टिक सर्जरीचीच पदवी आहे का ते विचारा, नोंदणीचा नंबर मागून घ्या, तो वैद्यकीय परिषदेकडं जाऊन — आतलं दार वाजलं. पिशवी घ्या खांद्याला. जिना डावीकडं आहे. उठा ताई, माझ्याकडं नका बघू — हो डॉक्टर, आलो. फ्रेम घेऊन आलोय. कोण, त्या बाई? कुणास ठाऊक. चुकून आल्या होत्या.