तीन पाळ्यांची अकरावी

...आता मले सांगा, ज्या पोरीले जेवताना घास तोंडात धरून झोप लागते, तिच्या पुढ्यात आणखी एक पुस्तक ठेवते का कोणी? नाई, सांगा न तुम्हीच! पण आमच्या घरी काई बोलाची सोय नाई. बोललं की सगळ्यांचं एकच उत्तर... "एकच त विषय आहे!"

तुम्हाले सांगते बाई, ह्या एका विषयानं माह्या घराची पार दैना करून टाकली. म्हणजे काय, की माही पोरगी साक्षी यंदा अकरावीले गेली, इथीच राजुऱ्याच्या कॉलेजात, सायन्सले. तिले व्हायचं आहे जनावरांची डॉक्टर. ती लहान असताना गावाकडे सासूबाईची बकरी अडली होती, तवा डॉक्टर आला, गोठ्यात उकिडवा बसला, बकरी बी वाचली आन् पिल्लू बी वाचलं, तवापासून हिच्या डोक्यात तेच. मग सोप्पं होतं न? फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी घे, नीटची परीक्षा दे, झालं. पण नाई! तिच्या बाबाचं म्हणणं, गणित बी घेच. काऊन? त उद्या नीट नाई जमली त इंजिनियर होता येईन, दोन दरवाजे उघडे पायजेत. मी म्हटलं, अजी, दोन दरवाजे उघडे ठेवले तरी पोरगी एका टायमाले एकातूनच जाईन न? त म्हणे, तुले नाई समजत, एकच त विषय आहे.

त्याइचंही खरं आहे म्हणा. त्याइच्या बापाच्या वक्ताले एक बी दरवाजा नोता. याइच्या वक्ताले एकच होता, कोळसा खाणीचा, तोही वाकून जायचा. मंग पोरीच्या वक्ताले दरवाजा बंद कराचा म्हटलं की त्याइले सोसत नाई, हे मले दिसते. म्हणून मी बी फॉर्मवर गणित भरू देलं.

तेवढ्यात दीराचा फोन! अश्विन आमचा, पुण्याले असते, कॉम्प्युटरची नोकरी. पुण्याले गेल्यापासून तो असा बोलते, जसा बातम्या देऊन राह्यला. "वहिनी, तिला मराठीऐवजी आयटी घ्यायला लावा, मार्क चांगले पडतात." आता मराठी असती त लेकराले एक तरी पुस्तक घरच्या भाषेत वाचाले भेटलं असतं, तेही गेलं. मी बोलाले तोंड उघडलं, त तिकडून आवाज, "अहो वहिनी, एकच तर विषय आहे!"

आता टाइमटेबलाचं ऐका. आमचे हे खाणीत पंपावर आहेत. खाली पाणी पाझरतच राहते, म्हणून पंप तिन्ही पाळ्या चालू. आन् नियम असा, की बदलीचा माणूस, त्याले ते रिलीव्हर म्हणतेत, तो येऊन उभा होईपर्यंत आपण पंप सोडाचा नाई. आयुष्य त्याच्यात गेलं, त माणसाले दुसरं टाइमटेबल सुचन कुठून? बसले कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेन घेऊन. वर लाल अक्षरात काय लिहिलं सांगू? "सुरक्षा प्रथम"! खाली पोरीच्या पाळ्या. पहिली पाळी, उजाडाच्या आधी, गणित. जनरल पाळी, कॉलेज. दुसऱ्या पाळीले बल्लारपूरचा क्लास. नाईटले बायोलॉजी. साक्षीनं हळूच विचारलं, "बाबा, साप्ताहिक सुट्टी?" त म्हणे, रविवारी टेस्ट सिरीज आहे, तो ओव्हरटाइम धर.

लेकरू लागलं बिचारं. तशी हुशार आहे माही साक्षी, आन् शहाणीही आहे, म्हणून त पंचाईत. भांडली असती त बरं झालं असतं. पावसाळ्यात वर्धा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की बल्लारपूरचा रस्ता बंद होते न, त सारं गाव पाणी उतराची वाट पाहे, आन् माही पोरगी पाणी चढाची! रोज कॉलेजातून आली की पहिले विचारे, आई, पूल बुडाला का? बुडाला म्हटलं की अशी हासे, अशी हासे... पण मंग मंग तेही विचारणं सुटलं. गाणं म्हणत न्हाणारी पोरगी, न्हाणीतून नुसत्या पाण्याचा आवाज. चहात मीठ टाकलं, आन् तसाच पेली. समजलंच नाई तिले! माहा जीव तुटून राह्यला होता बाई.

सासूबाई, बायनाबाई, त एक दिवस लेकावर उखडल्याच. भिंतीवरच्या फोटोकडे हात करून म्हणे, बाबासाहेबानं शिकाले सांगतलं, झोपू नोको म्हणून कुठी सांगतलं रे? यांनी पायात चपला घातल्या आन् ड्युटीले निघून गेले. जाता जाता दारातून, मंद आवाजात... "एकच त विषय आहे न, आई."

मंग कॉलेजातून बोलावणं आलं. रश्मी मॅडम, गणिताच्याच. लय गोड बाई, आम्हाले बसवलं, पाणी देलं, आन् साक्षीचा पेपर पुढं ठेवला. म्हणे, मी हिले पॅराबोला काढाले सांगतला होता. आता पॅराबोला काय असते मले का ठाऊक, पण चित्र सुंदर होतं हो! नीट वळणदार, आन् बाजूले बाण करून लिहिलं होतं... जठर. मले हासू आलं आन् लगेच रडू आलं. मॅडम म्हणे, पोरगी कच्ची नाई, थकलेली आहे. जनावरांच्या डॉक्टरीले गणित लागत नाई. ह्या शनिवारपर्यंत विषय सोडता येते, मंग नाई येत. आमचे हे पेपर पाहत राह्यले. मंग पेपर ठेवला, गाडी काढली आन् सरळ घरी आले. मले वाटलं, शनिवार निघून जाते बाप्पा आता.

आन् त्याच दिवशी दिवेलागणीची गोष्ट. साक्षी क्लासावरून आली, आन् घरात शिरलीच नाई. आम्ही पाहतो त पायरीवर बसलेली, पाठीवर बॅग तशीच, भिंतीले डोकं टेकवून झोपलेली. हे गेले, बॅगेचा पट्टा हळूच खांद्यावरून काढाले लागले. तिनं अर्धे डोळे उघडले, बापाले पाह्यलं, आन् झोपेतच विचारलं...

"बाबा, माहा रिलीव्हर आला का?"

तुम्हाले सांगते, तो माणूस तिथंच खाली बसला. बॅग मांडीवर घेऊन. वीस मिनटं बसला का तास, कोणाले ठाऊक. पोरगी झोपली, तशी झोपू देली. मंग उठून घरात आला, कॅलेंडर काढलं, आन् घडी करून सरपणाच्या खोलीत नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी स्वतः कॉलेजात गेले, गणित सोडल्याचा अर्ज देऊन आले. मराठीही परत घेतली. अश्विनचा फोन आला त त्यालेच ऐकवलं, की एकच त विषय आहे म्हणत म्हणत पोरीवर किती वझं टाकलं बे आपण! साक्षी दुपारी झोपली ते संध्याकाळी उठली, न्हाली, आन् न्हाणीतून गाणं आलं. सासूबाईनं डोळे पुसले. मीही पुसले, खोटं काऊन सांगू.

मंग हे सैपाकघरात पाट घेऊन बसले, लय शहाणपण आलेलं. मी पोळ्या करून राह्यली होती. म्हणे, "पाय, खाणीत बी एका माणसाले तीन पाळ्या करू देत नाईत. माणूस खचते. किती बी तगडा असो, त्याले आराम पायजे का नाई?"

मी म्हटलं, बरोबर आहे.

त म्हणे, "तुले पटलं न? मंग डबा जरा लवकर भर, माही नाईट आहे. आईच्या गोळ्या देजो. आन् सकाळी पोरीले उठवू नोको, पण तिचा डबा तयार ठेवजो, मी आलो की चहा बी लागन."

मी पोळी पलटवली. म्हटलं, सकाळची कणीक बी आताच भिजवून ठेवते... तेवढीच माही पहिली पाळी हलकी जाईन.