हक्कसोडपत्रावरची सही

बस गं, चहा टाकलाय. शुक्रवारपासून माझं डोकं जाग्यावर नाही.

सनाला शाळेत प्रोजेक्ट होता, मध्ययुगात फ्रान्सच्या एका काउंटीवर, म्हणजे जहागिरीवर, राज्य केलेल्या घराण्यांचा. चार्ट मीच भरत होते. मुलगा नसला की काउंटी मुलीला मिळायची आणि पुढे तिच्या नवऱ्याचं घराणं सुरू. सना म्हणाली, "अम्मी, रत्नागिरी हाऊस इज युअर्स टू?"

मी हसत रत्नागिरीला भाईला फोन लावला, स्पीकरवर. "भाई, तुझी भाची विचारतेय, घरात माझा वाटा आहे ना?"

"आता कुठला? अब्बा गेले त्याच महिन्यात हक्कसोडपत्रावर सही केलीस ना तू, रजिस्ट्रार ऑफिसात येऊन."

"मी? भाई, मी तेव्हा इथे आखातात, उम्म अल कुवैनमध्ये होते! सना पोटात होती, डॉक्टरने विमानप्रवास बंद केला होता. अब्बांच्या मातीलासुद्धा येता आलं नाही मला!"

पलीकडे मागून भाभीचा आवाज आला, "मी तेव्हाच म्हटलं होतं, तिच्या जागी मला उभी करू नका."

फोन कट.

रविवारचं तिकीट काढलंय. भाईला कळवलेलं नाही.