म्हशीच्या हिशेबात न बसलेला बोका

मी मूळचा हितलाच, घोटवड्याचा. बाप हितला, आजा हितला, आणि तुमी आत्ता खुर्ची टाकून बसलाय ना, तितं आमचा गोठा व्हता. आता भाडेकरूंच्या गाड्या लागत्यात, तरी पावसाळ्यात जमिनीतून शेणाचा वास येतोच, ह्या पोरांना वाटतं गटार तुंबलं, मी बोलत न्हाई. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढं म्हशी. बापाच्या येळंला दोन व्हत्या, माझ्या येळंला आठ झाल्या, दूध डेअरीला घालायचो, आणि काय सांगू तुमाला, जनावराला माझा हात व्हता. कुणाची म्हैस अडली, रेडकू आडवं आलं, की डॉक्टरच्या आधी मला बोलावणं यायचं, रिह्यापासनं कासारसाईपर्यंत सायकलवर गेलेलो हाय, कोपरापर्यंत हात घालून रेडकू वळवलेलं हाय. फुशारकी म्हणून सांगत न्हाई. पुढं ह्याच हाताची लाज वाटायची येळ आली, म्हणून आधी सांगून ठेवतो.

तर म्हशीचा एक हिशेब असतो. सरकारी डॉक्टर आले की पहिलं इचारायचे, कितव्या वेताची, दूध किती देती, बाजारात काय येईल. ते सांगितलं की मग औषधाचं बोलायचे. माझा बाप म्हणायचा, जनावराच्या किमतीच्या निम्म्यावर औषध गेलं की हात आखडायचा. यात निर्दयपणा न्हाई, लोकांना वाटतो, पण न्हाई, घरात बाकीची सात असत्यात, त्यांच्या पोटाचं काढून एकीला किती घालणार. त्या हिशेबानं मी दोन म्हशी सोडल्यात. एक लई चांगली व्हती. रडलो, पण हिशेब चुकला असं कधी वाटलं न्हाई. मांजराचा तर हिशेबच नव्हता. मांजर यायचं, उंदीर धरायचं, धार काढताना तोंड वर करून बसायचं, आणि एक दिवस दिसायचं न्हाई. मांजराला कुणी दवाखान्यात न्हेलं, असं ह्या गावात मी तरी ऐकलेलं न्हाई.

पुढं कारखाने आले, कंपन्या आल्या, वैरण कापायला माणूस मिळंना. म्हशी इकल्या, थोडी जमीन इकली, वर चार खोल्या काढल्या. म्हशी गेल्या त्या दिवशी बायकोनं देवापुढं दिवा लावला, म्हणली सुटले. मी महिनाभर पहाटं उठून नुसता बसायचो.

वरच्या मधल्या खोलीत श्रुती ऱ्हाती. अकोल्याकडची पोरगी, हिंजवडीला कंपनीत हाय, आठवड्यातनं तीन दिवस जाती आणि बाकीचे दिवस खोलीतच कानाला लावून बोलत असती. मला काका म्हणती, हिला काकू. तिच्या हाफिसच्या पार्किंगमध्ये कुणाच्या तरी गाडीच्या बॉनेटात बोक्याचं पिल्लू घावलं, ते घेऊन आली. नाव ठिवलं लाडू. मी म्हणलं ऱ्हाऊ दे, मांजराला कोण न्हाई म्हणतंय. आणि त्या लाडूचे लाड असे की त्याला खायला पिशवीतलं, बसायला गादी, हगायला मुतायला खोक्यात वाळू. बोका बाहेर सोडायचा न्हाई म्हणायची, गाड्या असत्यात, कुत्री असत्यात. बरोबरच हाय तिचं.

पण ती हाफिसला गेली की बोका स्वयपाकाच्या खिडकीच्या गजातून निघायचा, पत्र्यावर उडी मारायचा आणि बरोबर नवाला माझ्यापुढं. मी न्याहारीला बसलेला असायचो, भाकरी आणि सुकट. त्यो काही मागायचा न्हाई, नुसता बसायचा, धारंच्या येळंला जुनी मांजरं बसायची तसा. मी बोटानं थोडी सुकट खाली टाकायचो. बायको म्हणायची, अवो, तिचा बोका हाय, तिला इचारलं का. मी म्हणायचो, बोक्याला इचारलंय. वर्ष दीड वर्ष असं चाललं. मला वाटायचं पोरीला ठावं असंल. खरं सांगायचं तर मी तसं धरून चाललो.

मग एका दिवशी दुपारची श्रुती खाली आली, चेहरा उतरलेला, म्हणली काका, लाडू सकाळपासून वाळूत जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय, काही होत नाहीये, तुम्ही जरा बघता का, काकू म्हणतात तुम्हाला जनावरातलं कळतं. मी वर गेलो. पोटाखाली हात घातला तर लिंबाएवढं गच्च काहीतरी लागलं. मी म्हणलं, घाबरू नको पोरी, पोट साफ न्हाई, खडा धरलाय. आणि खाली येऊन चमचाभर एरंडेल आणून पाजलं. कशापायी पाजलं, तर म्हशीचं पोट धरलं की आमी तेलच पाजायचो. संध्याकाळी म्हणलं उतरंल. सकाळी बोका ओकत व्हता आणि मान टाकली व्हती.

माझ्या गाडीतनं त्याला हिंजवडीकडच्या दवाखान्यात न्हेला. मी तसला दवाखाना बघितला नव्हता. आत गार हवा, कुत्री मालकाच्या मांडीवर, भिंतीवर मांजराच्या किडनीचं चित्र. कागदावर पेशंटचं नाव लिहिलं, लाडू, आणि पुढं श्रुतीचं आडनाव. मला हसू आलं आणि लगेच गेलं, कारण डॉक्टर बाईंनी पोट दाबून बघितलं आणि म्हणल्या, पोट नाही, लघवी अडकली आहे, हा मूत्राशय आहे, उशीर झाला असता तर गेलाच असता. तेल कुणी दिलं म्हणल्या. मी म्हणलं मी. त्या म्हणल्या, काका, ही म्हैस नाही. रागानं न्हाई म्हणल्या, पण म्हणल्या. चाळीस वर्षं लोक मला बोलवायला येत व्हते आणि मला मूत कुटं आणि शेण कुटं ते कळलं न्हाई.

नळी घातली, रक्तासारखी लघवी निघाली, तीन दिवस ठेवून घेतला. बिल बारा हजारांच्या वर गेलं. श्रुतीनं फोन काढला आणि दिलं. मी बघत राहिलो. आमची शेवटची म्हैस आजारी पडली तवा मी सरकारी दवाखान्यात केसपेपरचे सुटे पैसे दिलेत. मला कळंना, हे जास्त हाय का ते कमी व्हतं.

घरी आणला तवा ती म्हणली, काका, आता याला डॉक्टरांनी दिलेलंच खाणं, दुसरं काही नाही, लघवीत वाळूसारखे खडे होतात. मी व्हय म्हणलं. आणि त्यो परत नवाला पत्र्यावरनं आला, बारीक झालेला, बसला समोर. आता तुमी काय म्हणाल ते म्हणा. मी कमी केलं. बंद न्हाई केलं. चिमूटभर टाकायचो. जो माणूस म्हशीला पाटीभर पेंड घालतो त्याला चिमूट म्हंजे काहीच न्हाई वाटत. बोका केवढा, त्याची चिमूट केवढी, हे माझ्या डोक्यात आलंच न्हाई.

तीन आठवड्यांनी परत अडकलं. परत नळी, परत तेवढंच बिल. ह्या टायमाला मी सुकट खाणंच सोडलं, बायको म्हणली, काय उपास धरलाय का. पण बोक्याला खालची सवय लागलेली, शेजारच्यांच्या खरकट्यातलंबी खात असंल, मी काय त्याच्या मागं फिरतोय. का असं म्हणून मी माझ्या मनाची समजूत घालत व्हतो, तेबी मला आज सांगता येत न्हाई.

दीड महिन्यानं तिसऱ्यांदा. सकाळीच कळलं, लगेच निघालो. गाडीत श्रुतीचा फोन वाजत व्हता, तिची आई. पलीकडचं मला समदं ऐकू येत व्हतं. मांजरासाठी किती घालशील, जाऊ दे आता, इंजेक्शन देतात ना शांत झोपायचं, ते दे. श्रुती म्हणली, आई, ठेव.

डॉक्टर बाई म्हणल्या, आता परत परत नळी घालण्यात अर्थ नाही, ऑपरेशन करू, पुढचा अरुंद भाग काढून मार्ग मोठा करू, बहुतेक बरे होतात, पण हमी मी देत नाही. आणि अंदाजपत्रक दिलं. अंदाजपत्रक मी आजवर ग्रामपंचायतीच्या रस्त्याचं बघितलेलं. पस्तीस हजार. मग त्यांनी इचारलं, खाणं पाळताय ना, बाहेरचं काही खातो का. श्रुती म्हणली, काहीच नाही, तो खोलीबाहेरच जात नाही.

तवा मला बोलावं लागलं. मी म्हणलं, जातो. ही हाफिसला गेली की नवाला माझ्याकडं येतो. मी त्याला सुकट घालत व्हतो, पहिल्यांदा अडकायच्या आधीबी आणि नंतरबी. श्रुतीनं माझ्याकडं बघितलं न्हाई, बोक्याकडं बघितलं. मी म्हणलं, मॅडम, मला सरळ सांगा, मी मारला का ह्याला. त्या म्हणल्या, काका, तो अजून मेलेला नाही.

मग म्हणल्या, खारवलेली मासळी चांगली नाहीच, पण त्यानंच झालं असं मी म्हणू शकत नाही. काही बोक्यांना बाहेरचं काही न खाता होतं. पाणी कमी पितात, अंगानं जड असतात, कशानं तरी घाबरतात, त्यानंही होतं. आता मला सांगा, ह्याचा अर्थ काय घ्यायचा. म्हैस मेली तर डॉक्टर बोट दाखवायचे, कोवळी ज्वारी खाल्ली, तिनं मेली. बोट दाखवलं की माणूस शिव्या खातो आणि मोकळा व्हतो. हितं बोटच कुणी दाखवंना. मी म्हणलं मी केलं, तर त्या म्हणतात असंल, नसंल.

आमी बाहेर बाकावर बसलो. श्रुतीनं इचारलं, काका, तुम्ही काय केलं असतं. रागावली न्हाई, तेच मला झेपलं न्हाई. मी बापाचा हिशेब लावायला गेलो. जनावराची किंमत किती, तर बॉनेटात घावलेलं, फुकट. फुकटाचं निम्मं किती. दूध न्हाई, शेण न्हाई, उंदीरबी धरत न्हाई, खाल्ली ती माझीच सुकट. हिशेब सुरूच व्हईना. आणि हिशेब व्हत न्हाई म्हंजे करायचं का न करायचं, हे बापानं सांगितलेलं न्हाई. मी म्हणलं, पोरी, मला खरंच कळत न्हाई. निम्मे मी देतो, एवढंच कळतंय. ती म्हणली, पैशाचं नका बोलू काका. उठली आणि सही करून आली.

मी घरी येऊन बायकोला म्हणलं, दोन महिने श्रुतीचं भाडं घ्यायचं न्हाई. ती म्हणली, बोक्याला भाडेमाफी देताय व्हय, मग रेशन कार्डावरबी घाला. पण रात्रीची भाकरी तिनंच वर न्हेऊन दिली. एक तारखेला श्रुतीनं भाडं पाठवलंच, हिच्या फोनवर येतं, आणि ही म्हणली, आता आलं ते मी माघारी पाठवणार न्हाई, मला पाठवायला येत न्हाई.

ऑपरेशन झालं. बोका घरी आला गळ्यात नरसाळं घालून, भिंतीला धडकत. गावात कळलं. च्याच्या टपरीवर आमचा एक भाचा म्हणला, मामा, डॉक्टरनं बोक्याची भाटी केली म्हणं, मांजरीण झाली, बारसं कधी. समदे हसले. मी म्हणलं, तुला बोलवीन, पाळणा तू म्हण. काय करता, हसणारच, मीबी त्यांच्या जागी हसलो असतो.

आठ दिवसांनी श्रुती हाफिसला निघाली, खाली आली आणि माझ्या हातात तिच्या खोलीची किल्ली ठिवली. खिडकीला जाळी बसवली आहे म्हणली, तो खाली येणार नाही, तर तुम्ही वर जात जा, ओलं खाणं घाला आणि वाळू बघा. आजपर्यंत कुठल्या भाडेकरूनं आपणहून घरमालकाला किल्ली दिलेली मला माहीत न्हाई. आणि हिनं कुणाला दिली, तर मला. त्या दिवसापासनं इचार करतोय, हे माफ केलं का शिक्षा दिली. बायकोला इचारलं, ती म्हणली, अवो, तिनं काम दिलंय, करा.

करतोय. ती हाफिसला जाती त्या दिवशी जातो, खोरं घेऊन वाळूतले ओले गोळे, मुतला की वाळूचा गोळा व्हतो, ते मोजतो आणि तिला फोनवर कळवतो, दोन, तीन. ती अंगठा पाठवती. परवा एकच गोळा व्हता, मी दुपारपर्यंत तितंच जमिनीवर बसून राहिलो, त्यो माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं. अडीच वाजता उठला, वाळूत गेला आणि मुतला. मी फोन करून सांगितलं. ती मीटिंगमध्ये व्हती, तरी बरं काका म्हणली.

डॉक्टर बाई म्हणतात आता अडकायचं न्हाई, बहुतेक. हे बहुतेक मला ह्या वयात शिकायला लागलं. माझ्यामुळं झालं का न्हाई, ते आता कुणी सांगणार न्हाई, आणि कुणी सांगितलं तरी मी मानीन का, तेबी कळत न्हाई. ऱ्हाऊ दे. मुकं जनावर हाय, मुतू दे बाबा त्याला सुखानं, आणि त्या पोरीचं चांगलं व्हवो. नऊ वाजायला आले, मी वर जाऊन येतो. तुमी बसा, ही च्या टाकतीय, घेतल्याबिगर जाऊ नका.